तुमचे प्रश्न: गाडीवालाच सगळं एकत्र करतो, मग आम्ही कशाला?

मागच्या अंकात आम्ही कचऱ्याबद्दल प्रश्न पाठवा म्हटलं आणि मेलमध्ये अक्षरशः ढीग पडला, तोही मिक्स. रागाची पत्रं, शेजाऱ्याच्या तक्रारी, एकदोन कविता. त्यातली जी परत परत येत होती ती निवडलीयेत, आणि मजकूर थोडा छाटलाय.

"आम्ही तीन वर्षं इमानेइतबारे ओला-सुका वेगळा करतोय. परवा मुद्दाम गॅलरीतून बघत राहिले, तर घंटागाडीवाल्याने दोन्ही डबे एकाच ठिकाणी उपडे केले. मिटिंगमध्ये लोक आता मलाच हसतात. काय सांगू त्यांना?" (सोसायटीची सेक्रेटरी, ठाणे)

ताई, तुमचं पत्र पहिलं घेतलं कारण हाच प्रश्न निम्म्या पत्रांत आहे, फक्त शब्द वेगळे.

आधी एक करा, खाली उतरून गाडी जवळून बघा. बऱ्याच घंटागाड्यांच्या आत पत्र्याचं पार्टिशन असतं, एका बाजूला ओला आणि दुसऱ्या बाजूला सुका, आणि वरून तिसऱ्या मजल्यावरून ते एकच तोंड वाटतं. माझी स्वतःची अशी फजिती झालीये, मी गाडीवाल्याशी भांडायला गेलो आणि त्याने शांतपणे मागचं दार उघडून दाखवलं, मग काय, चहा पाजून परत आलो.

पण पार्टिशन नसेल आणि खरंच एकत्र करत असेल तर चूक त्याची आहे, तुमची नाही, आणि त्याच्या चुकीने तुमची जबाबदारी संपतही नाही. देशात घनकचऱ्याचे नियम २००० साली आले, मग एप्रिल २०१६ मध्ये नवे आले, त्यात ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन भाग करून देणं हे घरातल्या माणसाचं काम आहे असं स्पष्ट लिहिलं, आणि वेगळा दिलेला कचरा वेगळाच गोळा करणं हे पालिकेचं. आता २०२६ चे नियम आलेत, १ एप्रिल २०२६ पासून लागू, त्यात चार भाग आहेत: ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा. म्हणजे दोघांचीही कामं कागदावर आहेत, कुणी कुणाकडे बोट दाखवून सुटत नाही.

तक्रार करायची तर तोंडी नको, तोंडी तक्रार वाऱ्यावर जाते. गाडीचा नंबर, तारीख, वेळ आणि एक फोटो, एवढं वॉर्ड ऑफिसच्या घनकचरा विभागाला लेखी द्या आणि पोच घ्या. एकट्याने नको, सोसायटीच्या लेटरहेडवर. आठवडाभराचे सात फोटो असतील तर आरोग्य निरीक्षकाला "बघतो" म्हणून चालत नाही.

आणि हसणाऱ्यांना काय सांगायचं, तर मी एकदा कचरा निवडायच्या एका सॉर्टिंग शेडवर दोन तास उभा होतो ते सांगतो. तिथली मावशी पिशवी उघडायच्या आधी ती हाताच्या मागच्या बाजूने दाबून बघायची. का, विचारलं, तर म्हणाली काच किंवा ब्लेड असलं तर तळवा कापतो, मागची बाजू कापली तर काम तरी करता येतं. मग गाठ सोडली. आत वर्तमानपत्राचा चांगला गठ्ठा होता, त्यावर कालची आमटी सांडलेली, आणि मध्ये कलिंगडाची सालं. तो गठ्ठा तिने बाजूला टाकला, भंगारात त्याला आता कोणी घेणार नव्हतं. आमटी दुसऱ्या डब्यात गेली असती तर त्याच कागदाचे तिला पैसे मिळाले असते. बाकी सगळं सोडा, एवढंच मिटिंगमध्ये सांगा.

ओला कचरा डंपिंगवर ढिगाखाली दबला की हवा मिळत नाही, मग तो सडून मिथेन सोडतो आणि मिथेन पेट घेतो. मुंबईचं देवनार १९२७ पासून कचरा घेतंय, तिथे जानेवारी २०१६ मध्ये आग लागली तेव्हा आजूबाजूच्या वस्त्यांवर किती दिवस धूर होता ते तुम्हा ठाणेकरांना आठवत असेलच.

"घरात दोन जुळी नातवंडं. दिवसाला बारा-पंधरा डायपर. सून ते सुक्यात टाकते, मी म्हणते ओल्यात, कारण ओलेच असतात ना! यावरून रोज वाद. कोण बरोबर?" (एक आजी, कोल्हापूर)

आजी, दोघीही चूक, म्हणजे घरात शांतता.

डायपर, पॅड हे सॅनिटरी कचरा, तिसरा डबा किंवा तिसरी पिशवी. ओल्यात टाकलं तर आतलं प्लॅस्टिक आणि जेल कंपोस्टमध्ये तसंच राहतं, सुक्यात टाकलं तर वर सांगितलेल्या मावशीच्या हातात येतं. डायपरमधली शी आधी संडासात टाका (हे कोणी सांगत नाही पण सगळ्यात महत्त्वाचं हेच), मग घट्ट गुंडाळी करा, डायपरचीच चिकटपट्टी लावा, जुन्या पेपरात बांधा. नियमातही हेच आहे, कंपनीने पाकिटात पाऊच दिला असेल तर त्यात, नाहीतर साध्या कागदात गुंडाळून वेगळं द्यायचं.

पुण्यात 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेने लाल ठिपक्याची पद्धत काढली, गुंडाळीवर लाल पेनाने एक मोठा ठिपका, बस. घेणाऱ्याला लांबूनच कळतं की हे उघडायचं नाही. तुमच्याकडे अशी मोहीम असो नसो, ठिपका काढायला कुणाची परवानगी लागत नाही. घरातल्या लहानग्याला मोठा झाला की हे काम द्या, आवडीने करतात.

काळी पिशवी मात्र नको. आत काय आहे ते दिसत नाही म्हणून ती उघडून बघावीच लागते, म्हणजे आपण लपवतो आणि दुसऱ्याला उघडायला लावतो.

"आमच्या सोसायटीत १८० फ्लॅट. पालिकेची नोटीस आली की तुम्ही 'बल्क' आहात, ओला कचरा आवारातच जिरवा. बिल्डरने दिलेलं कंपोस्ट युनिट पाच वर्षं बंद, चालू केलं तर वास आणि अळ्या. मेंबर म्हणतात टॅक्स भरतो, आम्ही का करायचं?" (खजिनदार, पिंपरी-चिंचवड)

खजिनदारसाहेब, नोटीस खोटी नाही. दिवसाला सरासरी १०० किलो किंवा त्याहून जास्त कचरा म्हणजे बल्क, आणि २०२६ च्या नियमात दोन मापं अजून आहेत, २०,००० चौरस मीटर बांधकाम किंवा रोज ४०,००० लिटर पाणी, यातलं एक लागू झालं तरी पुरे. तुमचा हिशोब करू. घरटी ६०० ग्रॅम धरला, जो कमीच आहे, तरी १८० फ्लॅटचे १०८ किलो. पाण्याच्या मापाने तर विचारायलाच नको. तेव्हा वाद घालण्यात दिवस घालवू नका, वकिलाची फी वाचवा.

टॅक्सचा मुद्दा मला समजतो, चिडचिड होते. पण मोठी हॉटेलं, मॉल, मोठ्या सोसायट्या यांचा ओला कचरा जिथे तयार होतो तिथेच जिरला तर शहरभर ट्रक फिरवायला लागत नाहीत, असा त्यामागचा विचार आहे, आणि तो पटण्यासारखा आहे. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं उरुळी देवाची आणि फुरसुंगीला जात होता, तिथल्या लोकांनी गाड्या अडवल्या ते काय उगाच? त्यांच्या विहिरींचं पाणी खराब झालं, आपल्या भाजीच्या देठांनी.

आता वास. वास येतो म्हणजे युनिट बिघडलंय असं नाही, ते ओलं झालंय. किचनच्या कचऱ्यात पाणी आणि नायट्रोजन जास्त, कार्बन कमी, हवा खेळत नाही आणि मग सडका वास सुटतो. उपाय सुक्या पानांचा. एक बादली ओला कचरा तर साधारण एक बादली सुका पालापाचोळा, नाहीतर कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) किंवा लाकडाचा भुसा, प्रत्येक थरावर. मूठभर घेऊन दाबलं तर हाताला ओलं लागलं पाहिजे पण थेंब गळता कामा नये. आठवड्यातून दोनदा वरखाली करा. माळी रोज पानं झाडून पोत्यात भरून गाडीत टाकतो ना, ती पोती अडवा, तुमचा अर्धा प्रश्न तिथेच पडलाय.

अळ्या. माझ्या घरच्या खताच्या पिंपात पहिल्यांदा झाल्या तेव्हा बायकोने पिंप आणि मी दोघांनाही बाहेर काढायची धमकी दिली होती. करड्या, जाडसर, वळवळणाऱ्या अळ्या असतील तर त्या बहुतेक ब्लॅक सोल्जर फ्लायच्या, त्या कचरा भराभर खातात, चावत नाहीत, आणि ती माशी घरमाशीसारखी जेवणावर येऊन बसत नाही. बघवत नसेल तर वर सुक्या पानांचा जाड थर द्या, झाकण नीट लावा. औषध मारू नका, त्याने सगळेच जीव मरतात, खत करणारेही.

माणूस कोण ठेवायचा हे आधी ठरवा, मशीन नंतर. जी युनिटं मी बंद पडलेली पाहिली ती बहुतेक मशीन बिघडून नाही, माणूस गेल्यामुळे बंद पडलीयेत. आणि त्याला हातमोजे, गमबूट द्या, तेवढं बजेटमध्ये बसवा.

"आमच्या गावात घंटागाडी येत नाही. सगळे संध्याकाळी अंगणात कचरा पेटवतात, प्लॅस्टिकसकट. मी बोललो तर म्हणतात शेतातला पाचट जाळतो तेव्हा कुठे होतास?" (वाचक, सातारा जिल्हा)

पाचटाचा टोमणा सोडून द्या, तो वेगळा वाद आहे आणि तुम्ही हराल.

उघड्यावर कचरा जाळायला बंदीच आहे. राष्ट्रीय हरित लवादाने (पर्यावरणाच्या खटल्यांचं न्यायपीठ) डिसेंबर २०१६ मध्ये साध्या जाळण्याला ५,००० आणि मोठ्या प्रमाणावर जाळण्याला २५,००० रुपये दंड सांगितला. पण गावात दंडाची भाषा करून कोणी ऐकत नाही, उलट तुम्हालाच वाळीत टाकतील. त्यापेक्षा दोन गोष्टी वेगळ्या करा. पालापाचोळा, शेण, भाजीचा कचरा यासाठी परसात खड्डा, तो तर आपल्या आज्याच्या वेळेपासून होताच, उकिरडा म्हणायचो, त्यात नवीन काही नाही. नवीन आलंय ते प्लॅस्टिक, आणि खड्ड्यात ते कुजत नाही म्हणूनच लोक पेटवतात. पाईपचे तुकडे, वायरचं कव्हर, रेग्झिन असलं पीव्हीसी पेटलं की डायॉक्सिन नावाचं विष तयार होतं, ते राखेतून मातीत आणि चाऱ्यातून दुधात जातं. हे म्हशीवाल्याला सांगा, त्याला लगेच कळेल.

ग्रामसभेत एकच मागणी लावून धरा: प्लॅस्टिक साठवायला एक शेड आणि पंधरा दिवसातून एकदा उचल. सुकं धुतलेलं प्लॅस्टिक पोत्यात महिनाभर राहिलं तरी वास मारत नाही. भंगारवाल्याला पिशव्या नको असतात पण एकगठ्ठा माल मिळाला तर बाटल्या, डबे, पुठ्ठा तो नेतो, आणि पिशव्या-रॅपर पंचायतीने तालुक्याच्या ठिकाणी पाठवायच्या.

"सीएफएल बल्ब फुटला, झाडूने भरून केरात टाकला. नंतर कोणीतरी म्हणालं त्यात पारा असतो. आता काय?" (नाशिक)

आता काही नाही, घाबरू नका, त्यात काही मिलिग्रॅमच असतो. पुढच्या वेळी खिडक्या उघडून दहा-पंधरा मिनिटं बाहेर जा, मग पुठ्ठ्याने तुकडे गोळा करा, बारीक चुरा चिकटपट्टीने उचला, सगळं बरणीत बंद. झाडू आणि व्हॅक्यूम नको, त्याने पारा उडतो. बल्ब, पाऱ्याचा थर्मामीटर, रंगाचे डबे, मुदत संपलेली औषधं हे सगळं नियमातल्या त्या चौथ्या, विशेष काळजीच्या भागातलं, पालिकेच्या ठरलेल्या केंद्रावर द्यायचं. मोबाईल, चार्जर, बॅटऱ्या ई-कचरा केंद्रात. फुगलेली मोबाईलची बॅटरी तर डब्यात अजिबात नको, कचऱ्याच्या गाडीत दाबली गेली की पेट घेते.

"घरात टाईल्स बदलल्या, दहा गोण्या राडारोडा झाला. मुकादम म्हणतो रात्री नाल्याजवळ टाकून येतो, तीनशे रुपये द्या." (वाचक, नागपूर)

देऊ नका. राडारोडा वेगळा साठवून वेगळाच द्यायचा असतो, पालिकेकडे त्यासाठी फोन किंवा अर्ज करून गाडी मागवता येते, पैसे भरावे लागतात. पकडला गेला तर मुकादम पसार होतो आणि गोणीवर टाईल्सच्या दुकानाचं बिल चिकटलेलं असतं तुमच्या नावाचं. तसंच झालंय एकाचं.

थोडक्यात विचारलेलं: तेलकट पिझ्झाचा खोका? तेलकट भाग फाडून ओल्यात, कोरडा पुठ्ठा सुक्यात. दुकानाचं गुळगुळीत बिल? तो थर्मल पेपर, कागदाच्या रद्दीत नको. दुधाची पिशवी? धुवा, वाळवा, आणि कापताना कोपऱ्याचा तुकडा पिशवीपासून पूर्ण तोडू नका, तो चिमुकला तुकडा कोणाच्या हाताला लागत नाही आणि गटारात जातो. नारळाची करवंटी? ओल्यातच, पण घरच्या पिंपात टाकलीत तर वर्षभर भेटत राहील. टेट्रापॅक? सुक्यात, चपटं करून.