मूत्रपिंडाची गाठ महाशिरेत शिरली असेल तर शस्त्रक्रिया करावी का?

बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यातील आपल्या काकांच्या उजव्या मूत्रपिंडातील कर्करोगाची गाठ पोटातील मोठ्या शिरेत, म्हणजे अधोमहाशिरेत शिरल्याचे एमआरआयमध्ये दिसले असून, ‘रोग रक्तात उतरला, आता पोट उघडू नका’ असे घरची वडीलधारी मंडळी म्हणत आहेत, असे आपण लिहिले आहे. त्यांची काळजी समजते, पण हा सल्ला कृपया मानू नका.

गाठ शिरेच्या पोकळीतून वर सरकणे आणि रोग फुप्फुसांत किंवा हाडांत पसरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रोग इतरत्र पसरलेला नसेल, तर शस्त्रक्रिया हाच बरे होण्याचा खरा मार्ग आहे. नेहमीची केमोथेरपी या कर्करोगावर फारशी चालत नाही, आणि शस्त्रक्रियेविना बहुतेक रुग्ण काही महिनेच काढतात. उलट, इतरत्र प्रसार नसताना मूत्रपिंड आणि शिरेतील गाठ पूर्णपणे निघाली, तर साधारण निम्मे रुग्ण पाच वर्षांनंतरही हयात असतात. लसिकाग्रंथींत (लिम्फ नोड्समध्ये) रोग असेल, तर मात्र हे प्रमाण बरेच खाली येते.

आता सगळे अवलंबून आहे ते गाठीचे वरचे टोक कुठे आहे यावर. एमआरआयच्या उभ्या छेदात ती शिरेच्या आत चढत गेलेल्या पट्ट्यासारखी दिसते. डॉक्टरांना त्या पट्ट्यावर बोट ठेवून टोक दाखवायला सांगा. ते यकृताच्या शिरांच्या खाली असेल, तर मूत्रपिंडाची धमनी बांधून, महाशिरेला वर-खाली चिमटे लावून, शीर उभी चिरून गाठ बाहेर काढतात आणि शीर पुन्हा शिवतात. टोक श्वासपटलाच्या (छाती आणि पोट यांमधल्या स्नायूच्या पडद्याच्या) वर, हृदयाच्या उजव्या कप्प्यापर्यंत गेले असेल, तर बहुधा हार्ट-लंग मशीन (शस्त्रक्रियेदरम्यान हृदय आणि फुप्फुसांचे काम करणारे यंत्र) आणि हृदयशल्यविशारद लागतात, आणि जिवाचा धोकाही स्पष्टपणे वाढतो. तुकडा सुटून फुप्फुसात अडकणे ही सर्वांत मोठी भीती असते. म्हणून अन्ननलिकेतून इकोचा (हृदयाच्या सोनोग्राफीचा) प्रोब घालून शस्त्रक्रिया चालू असताना गाठीवर नजर ठेवतात.

बेळगाव, कोल्हापूर किंवा बेंगळुरू, कुठेही जा, पण यूरोसर्जन (मूत्रपिंड व मूत्रमार्गाचे शल्यविशारद) आणि हृदयशल्यविशारद एकाच छताखाली आहेत ना, आणि या चमूने अशा शस्त्रक्रिया केल्या आहेत ना, हे आधी विचारा. माझ्या मते रुग्णालयाच्या नावापेक्षा हे कितीतरी महत्त्वाचे आहे.

रेशनकार्ड बीपीएल असेल, तर मोफत उपचारांच्या आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक या सरकारी योजनेसाठी सरकारी रुग्णालयाचे रेफरल पत्र लागते. ते आजच मागा. गाठ शिरेत वाढत राहते, त्यामुळे एमआरआय दोन आठवड्यांहून जुना झाला, तर शस्त्रक्रियेपूर्वी तो पुन्हा करावा लागू शकतो.