हवामान बदल रोखायला केलेला पॅरिस करार मोडला तर शिक्षाच नाही, मग तो करून उपयोग काय?

शिक्षा नाही हे खरंय. कलम 15 खाली एक समिती आहे, पण ती कुणाला दंड करणार नाही असं करारातच लिहून ठेवलंय. पण दंड ठेवला की देश वठणीवर येतात हे मला पटत नाही, कारण ते आधी करून झालंय. 1997 च्या क्योटो हवामान करारात श्रीमंत देशांना कार्बनसारखे वायू किती कमी सोडायचे याची टार्गेट बांधून दिलेली, आणि चुकलं तर जेवढं कमी पडलं ते वर 30 टक्के जादा धरून पुढच्या टप्प्याच्या कोट्यातून कापायचं असा नियम होता. झालं काय, अमेरिकेने सही केली पण मंजुरी कधी दिलीच नाही, आणि कॅनडाला आपलं टार्गेट काही जमत नाही हे दिसल्यावर त्यांनी डिसेंबर 2011 मध्ये सरळ बाहेर पडतो म्हणून कळवलं. मग वसूल कुणाकडनं करणार?

म्हणून 2015 ला पॅरिसात उलटं केलं. टार्गेट ज्याचं त्याने ठरवायचं, पण दर 5 वर्षांनी नवीन द्यायचं आणि किती केलं त्याचा हिशोब सगळ्यांसमोर मांडायचा, हे मात्र बंधनकारक. आणि जुलै 2025 मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने मत दिलं की टार्गेट मनाला येईल तसं ठरवून चालणार नाही, जबाबदारी टाळली तर भरपाईसुद्धा द्यावी लागू शकते. ते मत बंधनकारक नाही, तरी मला ते फार मोठं वाटतं, कारण हा विषय वानुआतूसारख्या छोट्याशा देशाने लावून धरला आणि त्याची सुरुवात पॅसिफिक बेटांवरच्या कॉलेजच्या पोरांनी केलेली.

माझा खरा राग पैशांवर आहे. आमच्या गोव्यात दिवाडी, चोडणला खाजन शेतं आहेत, भरतीच्या पाण्यापेक्षा खालची, बांध फुटला की खारं पाणी आत येतं आणि भात गेलंच म्हणून समजा. समुद्र वर येतोय तसे हे बांध अजून उंच, अजून मजबूत करावे लागणार, त्याचा खर्च कुणी करायचा? 2024 ला बाकूच्या जागतिक हवामान परिषदेत गरीब देशांनी वर्षाला 1.3 ट्रिलियन (म्हणजे 1300 अब्ज) डॉलर मागितले, श्रीमंत देशांनी कबूल केले 300 अब्ज आणि तेही 2035 पर्यंत, भारताने तिथल्या तिथे आक्षेप घेतला. नुकसानभरपाईसाठी वेगळा लॉस अँड डॅमेज फंड आहे, 2023 ला दुबईच्या परिषदेत तो सुरू झाला, पण त्यात पैसे टाकायची सक्ती कुठल्याच देशावर नाही.