राहू दे ती फट

प्रिय विद्यार्थी,

प्राचीन हित्ती (हिटाइट) राजांच्या अंताहशुम या वसंतोत्सवातल्या एका दिवसाची, मातीच्या पाट्यांचे तीन तुकडे जोडून तू केलेली जुळणी नीट वाचली. सकाळपासून रात्रीपर्यंत सगळं सलग, मधे कुठे फट नाही. मला काळजी वाटली ती तिथेच.

हत्तुशा या हित्ती राजधानीत, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या बोआझकॉयला, १९०६ पासून मिळालेल्या मातीच्या पाट्या आणि तुकडे ३०,०००च्या आसपास जातात. त्यांत उत्सवांचे मजकूर सर्वांत जास्त, आणि त्यांची भाषा ठरीव. राजा-राणी अमक्या देवाचा पेला पितात, गायक गातो, सेवक बाहेरून भाकरी आणतो, राजा ती मोडतो, सेवक घेऊन जातो. या ओळी कुठल्याही उत्सवात बसतील. तुझे तिन्ही तुकडे नेमके याच ओळींवर जोडलेले आहेत, म्हणून ते मला पटत नाहीत.

ओळख पटते ती देवांच्या क्रमावरून. कोणानंतर कोणाचा पेला, गायक कानेश नगराचा की हत्ती (हित्तीहून जुन्या, वेगळ्या) भाषेत गाणारा, बाजूला कोण अधिकारी उभा आहे, गाव कोणतं, देऊळ कोणतं, हे आधी टिपून काढ. किलाम या दुसऱ्या हित्ती उत्सवात गावोगावचे कोठारप्रमुख आपापल्या कोठाराच्या दाराशी राजासमोर हजर होतात. तिथे गावांची नावं एकापाठोपाठ एक येतात. अशा यादीतली दोन नावं लागोपाठ सापडली, तर भाकरीच्या वीस ओळींपेक्षा जास्त हाती लागतं.

माती मातीला भिडते तो जोड वेगळा आणि मजकुरावरून अंदाजाने लावलेला वेगळा. दोन्हींना वेगळी खूण कर. पाटीची पुढची बाजू सपाट असते, मागची फुगीर. तुझ्या दुसऱ्या तुकड्याचा फुगवटा जर्मनीतल्या माइन्झच्या हित्ती पाट्यांच्या संकेतस्थळावरच्या छायाचित्रात पुन्हा बघ. मला तो मागच्या बाजूचा वाटतो, तू त्याला पुढे बसवलंयस.

आता सगळ्यात महत्त्वाचं. एकाच उत्सवाच्या प्रती वेगवेगळ्या शतकांतल्या असतात. किलामच्या काही प्रती जुन्या वळणाच्या अक्षरात आहेत, काही साम्राज्याच्या उत्तरकाळातल्या. अंताहशुमचा दिवसवार आराखडा देणाऱ्या पाट्या आहेत, पण त्यांच्या प्रतीही सगळीकडे एकमेकींशी जुळत नाहीत. जुन्या प्रतीतली सकाळ आणि नव्या प्रतीतली संध्याकाळ शिवून टाकलीस, तर कुठल्याही राजाने कधीच साजरा न केलेला उत्सव तयार होईल. त्यापेक्षा अर्धवट दिवस कितीतरी मोलाचा.

हिशुवा उत्सवाची पुष्पिका, म्हणजे पाटीच्या शेवटची लेखनिकाची नोंद, तू वाचली आहेस का? इ.स.पू. तेराव्या शतकात राणी पुदुहेपाने प्रमुख लेखनिक वाल्वाझितीला हत्तुशात किझ्झुवात्ना या दक्षिणेकडच्या प्रदेशाच्या पाट्या शोधायला लावलं आणि त्याने त्या उतरवून घेतल्या. म्हणजे त्या काळीही हे विधी जुन्या पाट्यांतून हुडकूनच काढावे लागत होते! मला ही नोंद फार जवळची वाटते. वाल्वाझितीने काय केलं हे त्याने पाटीच्या शेवटी लिहून ठेवलं, म्हणून आपल्याला ते कळतं. तूही प्रत्येक जोडाखाली तो का लावलास, कोणत्या प्रतीवरून लावलास, ते लिही. तुटलेल्या जागी चौकोनी कंसात भरलेला प्रत्येक शब्द तुझा आहे, लेखनिकाचा नाही, हे वाचणाऱ्याला दिसलं पाहिजे.

पुढच्या वेळी भाषांतर पाठवू नकोस. तिन्ही तुकड्यांतल्या देवांची क्रमवार यादी पाठव, जिथे नाव तुटलंय तिथे जागा मोकळी सोड.

सस्नेह आशीर्वाद.