साड्यांच्या रीलवर ‘किंमत?’ विचारणाऱ्यांना कोडिंग न शिकता आपोआप मेसेज पाठवता येतो का?

हो, येतो, आणि इन्स्टाग्रामचे नियम न मोडता येतो. आधी अकाउंट बिझनेस किंवा क्रिएटर करून घ्या. साध्या वैयक्तिक अकाउंटवर हे चालत नाही. मग मॅनीचॅटसारख्या, कोडिंगशिवाय आपोआप मेसेज पाठवणाऱ्या सेवेत एवढंच जोडायचं: कमेंटमध्ये ‘किंमत’ किंवा ‘रेट’ आलं की मेसेज जावा. हे शब्द रोमन लिपीतही टाका, पुष्कळ गिऱ्हाइकं तसंच लिहितात. मी दुकानदारांना हे लावून देतो, तेव्हा इन्स्टाग्रामच्या मालक कंपनीच्या, म्हणजे मेटाच्या नियमावलीतल्या दोन मर्यादा आधी सांगतो:

- एका कमेंटवर एकच खासगी मेसेज जातो, तोही ७ दिवसांच्या आत.
- समोरच्याने उत्तर दिलं तरच पुढे २४ तास बोलता येतं.

म्हणून पहिल्याच मेसेजमध्ये किंमत लिहा. ‘हाय, कशात रस आहे?’ विचारण्यात ती एकमेव संधी घालवू नका. मात्र आपोआप लाइक-फॉलो करणारी, तुमचा पासवर्ड मागणारी अ‍ॅप्स या नियमांत बसत नाहीत. त्यांच्यापायी अकाउंट खरोखर जाऊ शकतं. आणि ‘पार्सल आलं नाही’ अशी कमेंट या साखळीतून वगळा, तिची सूचना थेट तुमच्या फोनवर येऊ द्या.