सत्र संपताना हजेरीपट पुन्हा वाचा

दिवाळीच्या सुट्टीआधी प्रथम सत्राच्या प्रगतिपुस्तकांवर सह्या करताना हजेरीपटही शेजारी उघडून ठेवा, कारण गुण घसरण्याच्या कितीतरी आधी मुलाची अस्वस्थता हजेरीत दिसू लागते. माझ्या वर्गातील नववीची एक मुलगी दर सोमवारी गैरहजर असे आणि पोटदुखीची चिठ्ठी आणत असे. मी दोन महिने केवळ शेरे लिहीत राहिलो. शेवटी मधल्या सुट्टीत तिचा न उघडलेला डबा पाहून चौकशी केली, तेव्हा सोमवारच्या पहिल्या तासाला फळ्यापाशी उभे राहण्याची तिला वाटणारी धास्ती समजली. तो उशीर मला आजही टोचतो.

अशी विचारपूस वर्गासमोर कधीही करू नका. वह्या शिक्षकखोलीत नेण्याच्या निमित्ताने मुलाला सोबत घ्यावे आणि चालता चालता ‘हल्ली झोप नीट लागते का?’ एवढेच विचारावे. दहावीच्या मुलांना तर हे आवर्जून विचारा.

मूल स्वतःला इजा करण्याविषयी बोलले, तर ते गुपित ठेवण्याचे वचन देऊ नका. त्याला एकटे न सोडता मुख्याध्यापकांना त्याच दिवशी कळवा, घर सुरक्षित असल्यास पालकांना बोलवा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ आणि चाइल्डलाइन या मुलांसाठीच्या मदतवाहिनीचा १०९८ हे दोन्ही निःशुल्क क्रमांक वर्गाच्या सूचनाफलकावर सुट्टीपूर्वीच लावा.