पश्चात्ताप करूनही देवाने क्षमा केल्यासारखं वाटत नाही. आता काय करू?

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: सोलापुरात पूर्व भागात राहत असताना गल्लीतल्या भिशीत तुम्ही सुरुवातीच्याच लिलावात मोठी उचल घेतली, पुढचे हप्ते बुडवले आणि पुण्याला निघून गेलात. भिशीतल्या बहुतेक बायका विड्या वळणाऱ्या. आता रोज रात्री प्रार्थनेत तेच पाप कबूल करता, उपासही केलेत, पण मन हलकं होत नाही. देव पुन्हा जवळ घेईल का आणि मंडळीत (चर्चमध्ये) परत प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीतली भाकर आणि द्राक्षारस, घेता येईल का, असे तुमचे दोन प्रश्न.

मी पाळक (पास्टर) नाही. सोलापुरातल्या एका मराठी मंडळीत वाढलो, संडेस्कूलमध्ये बरीच वर्षं शिकवलं आणि पोटासाठी पतसंस्थेत वसुलीचं काम केलं. त्यामुळे शास्त्रातलं बोलेन आणि हिशेबातलंही.

देव जवळ घेईल का? घेईल. त्याला कसलीही अट नाही. बायबलमध्ये लूकच्या १५व्या अध्यायातला उधळ्या पुत्र तुम्ही लहानपणापासून ऐकला असेल, तरी एकदा सावकाश वाचा. डुकरं चारताना तो बापापुढे काय बोलायचं ते ठरवतो आणि त्यात शेवटी म्हणणार असतो की मला तुमच्या एखाद्या मजुरासारखं ठेवा. घराकडे येतो तर बाप लांबूनच बघून धावत सुटतो, गळ्यात पडतो. पोरगा बोलतो ते त्यानंतर. आणि मजुराचं वाक्य त्याच्या तोंडून येतच नाही. तेवढ्यात बाप चाकरांना झगा, अंगठी आणि जोडे आणायला सांगतो. मजुरी करून फेडायचा बेत पोराचा होता, बापाचा कधीच नव्हता.

मग मन हलकं का होत नाही? त्यासाठी दावीद राजाकडे बघा. त्याने बथशेबेला आणवलं आणि तिच्या नवऱ्याला, उरीयाला, लढाईत मरायला पुढे उभं केलं. नाथान संदेष्ट्याने तोंडावर सुनावलं तेव्हा दावीद एकच वाक्य बोलला, मी परमेश्वराविरुद्ध पाप केलंय. नाथानने तिथल्या तिथे सांगितलं की परमेश्वराने तुझं पाप दूर केलं आहे, तू मरणार नाहीस. हे २ शमुवेल १२ मध्ये आहे. आणि ५१वं स्तोत्र, ज्याच्या मथळ्यातच नाथान आल्याचा उल्लेख आहे, त्यात तोच दावीद तारणाचा आनंद मला परत दे म्हणून विनवतो. क्षमा एका वाक्यात झाली, आनंद मात्र मागत बसावा लागला. तेव्हा 'वाटत नाही' याचा अर्थ 'झाली नाही' असा काढू नका. आणि दावीदाच्या घरात पुढे जे रामायण झालं तेही लपवलेलं नाही. क्षमा झाली म्हणून केल्याचे परिणाम पुसले गेले नाहीत.

आता तुमच्या रोजच्या कबुलीबद्दल. तुम्ही सोलापूरचे, सेटलमेंट तुम्हाला माहीत आहे. १८७१च्या कायद्याने इंग्रजांनी काही जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या; आपल्याकडे पारधी, कैकाडी वगैरे लोकांना या सेटलमेंटमध्ये तारेच्या कुंपणात ठेवून हजेरी घ्यायचे. कायदा रद्द व्हायला १९५२ साल उजाडलं. माणसाने काही केलेलं असो वा नसो, हजेरी चुकवायची नाही, कारण सरकारचा संशय कायमचा. तुमची रात्रीची प्रार्थना मला तशी हजेरी वाटते. देवाने तुमचं नाव संशयितांच्या वहीत ठेवलेलं नाही. एकदा खरेपणाने कबूल केलंत की तो क्षमा करायला विश्वासू आहे, असं योहानाच्या पहिल्या पत्रात (१:९) स्पष्ट म्हटलंय.

पण जरा कडू बोलतो. देवापुढे रोज रडणं सोपं असतं, कारण तो हप्ता मागत नाही. त्या बायकांपुढे उभं राहणं अवघड. वसुलीच्या कामात मी देवभोळे कर्जदार पुष्कळ पाहिले. उपास पक्के, पण आमच्या शाखेची गल्ली टाळून वळसा घालून जायचे.

शास्त्र इथे फार व्यवहारी आहे. लेवीय ६ सांगतं की कोणी शेजाऱ्याला फसवलं असेल तर मुद्दल अधिक एक पंचमांश ज्याचं त्याला द्यावं आणि दोषार्पणही आणावं. म्हणजे नुसतं देवाकडे अर्पण आणून शेजाऱ्याचा हिशेब मिटत नाही. येशूने तर (मत्तय ५) अर्पण वेदीपुढे तसंच ठेवून आधी भावाशी समेट करायला जा असं सांगितलं. जक्कय जकातदाराच्या घरी येशू आपणहून गेला, लोक कुरकुरले, आणि त्यानंतर जक्कय म्हणाला, ज्याचं लुबाडलं त्याला चौपट देतो. हा क्रम महत्त्वाचा. येशू घरात आला तो चौपटीच्या बदल्यात नाही.

उलट बाजूही बघा. येशूला पकडून देणाऱ्या यहूदा इस्कार्योताने त्याबद्दल मिळालेले तीस रुपये परत केले होते! नेऊन दिले मुख्य याजकांना, त्यांनी 'आम्हाला काय त्याचं' म्हणून झटकून टाकलं आणि तो एकटाच राहिला. शिष्य पेत्राने 'मी येशूला ओळखत नाही' म्हणून तीनदा नाकारलं होतं, त्याच्याकडे परत करायला काहीच नव्हतं. तो बाकीच्या शिष्यांत राहिला, आणि तिबिर्या समुद्राच्या किनाऱ्यावर येशूने त्याला तीनदा विचारून पुन्हा कळप सोपवला. म्हणून पैसे फेडा, पण त्यातून क्षमा विकत घेताय असं समजू नका, आणि हे सगळं एकट्याने ओढू नका. रात्री मनात जीव देण्यासारखे विचार येत असतील तर प्रार्थनेच्या वेळेची वाट न बघता आजच जवळच्या माणसाला किंवा डॉक्टरांना सांगा.

मी तुमच्या जागी असतो तर आधी भिशी चालवणाऱ्या बाईंकडे गेलो असतो. अशा वेळी बहुतेकदा पहिला फटका तिला बसतो. बाकीच्यांना तोंड दाखवायचं म्हणून ती पदरचे भरते, दागिना मोडते. कोणाचे किती अडकले हे तिच्या वहीत असेल. जाताना रिकाम्या हाताने जाऊ नका, जमेल तेवढी रक्कम रोख न्या आणि बाकीची कशी देणार ते तारखांसह लिहून द्या. झेपेल तेवढाच हप्ता लिहा, दुसऱ्यांदा शब्द मोडला तर तुमच्या पश्चात्तापावर कोण विश्वास ठेवेल? 'देवाने मला क्षमा केली' हे वाक्य त्या दारात काढू नका. कोणी शिव्या देईल, कोणी पैसे घेईल पण माफ करणार नाही. तो त्यांचा हक्क आहे.

साक्ष द्यायचीही घाई नको. माईक हातात घेऊन प्रभूने मला कसं बदललं ते सांगणारे आणि तिसऱ्या बाकावर त्यांचे घेणेकरी, असा प्रकार मी पाहिलाय. गाणं चांगलं झालं, टाळ्याही पडल्या. घेणेकऱ्याने मात्र पुढच्या रविवारपासून येणं सोडलं.

प्रभुभोजनाचं तुमच्या पाळकसाहेबांना विचारा, कारण ते तुम्हाला ओळखतात, मी नाही. माझं मत विचाराल तर सगळे पैसे फिटेपर्यंत थांबायची गरज नाही. फेडायला निघालात की मेजाजवळ या. कॅथलिक असाल तर फादरांकडे पापनिवेदन करा. नुकसान शक्य तेवढं भरून द्यायला हवं, चोरलेलं परत करायला हवं, असं त्यांची धर्मशिकवणही सांगते. पाळकसाहेब असोत की फादर, त्या बाईंकडे जाताना सोबत या म्हणून विनंती करा. पहिल्या खेपेला दार उघडायला त्याचा उपयोग होतो, आणि ऐनवेळी तुम्ही कोपऱ्यावरून मागे फिरणार नाही.