पेशवाईत गावातली किरकोळ भांडणं, चोऱ्यामाऱ्या यांचा निवाडा कोण करायचं?

बहुतेक वेळा पाटील. शिवीगाळ, मारामारी, पिकात घुसलेली गुरं असल्या गोष्टी तो कुलकर्ण्याला सोबत घेऊन चावडीवरच मिटवायचा. छोटा दंडही करायचा. वतन (वंशपरंपरेने चालत आलेला हक्क), बांध किंवा वाटणीचा वाद असला की गोतसभा, म्हणजे वतनदार आणि गावकऱ्यांची सभा, किंवा पंचायत बसायची. आधी दोन्ही पक्षांकडून राजीनामा, म्हणजे निवाडा मान्य करू असं लेखी, आणि जामीन घेत. मग साक्षी-पुरावे. निकालाचा कागद म्हणजे महजर. त्यावर लिहिता न येणारेही आपापली निशाणी करत: पाटलाचा नांगर, इतर वतनदारांची त्यांच्या कामाची हत्यारं. गावाची साक्ष कागदावर अशी उतरलेली पाहणं मला आजही विलक्षण वाटतं. जिंकणारा सरकारात हरकी, म्हणजे जिंकल्याबद्दलची रक्कम, भरायचा, हरणारा गुन्हेगारी, म्हणजे दंड.

मात्र या व्यवस्थेचे गोडवे गाताना जपून. पुरावा नसला तर दिव्य करायला लावत, उकळत्या तेला-तुपातून धातूचा तुकडा काढायचा. जातीची उतरंड न्यायातही होतीच.

1818 मध्ये पेशवाई संपल्यावर ब्रिटिश अधिकारी एल्फिन्स्टनने पंचायती टिकवायचा प्रयत्न केला, पण 1827 च्या कायदेसंहितेनंतर लोक सरकारी कोर्टांकडे वळत गेले.